ईसॉकाकाची शेळी

कॉडची मासेमारी बंद झाली तेव्हा आम्हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना सरकारने शाळेच्या बाकांवर बसवलं. तिथे मी पन्नाशीत अक्षरं शिकलो आणि म्हातारपणी एक कादंबरी लिहिली, आमच्याच बंदराची. सेंट जॉन्सच्या एका छोट्या प्रकाशनाकडे ती पाठवली.

हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या संपादक नोरीनबाईंचा फोन आला. भाषा त्यांना आवडली होती. पण पहिल्याच पानावर अख्खं बंदर घरात शिरतं, आणि कोण कुणाचं हे शेवटपर्यंत कळत नाही, असं त्या म्हणाल्या. चहा ओतताना कुणीतरी विचारतं, दूध ईसॉकाकाच्या शेळीचं का? आणि सगळे पोट धरून हसतात. का हसतात? पुढे तोच ईसॉ समुद्रात बुडतो.

"मला वाईट वाटायला हवं होतं," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगते, तो माणूस मला भेटलाच नव्हता."

वसंतापर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर छापणं जमणार नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला. ईसॉकाका कोण हेही सांगायचं? माझा मित्र सेल्बी म्हणजे नुसता दगड, पण ईसॉ बुडतो ते प्रकरण मी वाचून दाखवलं तेव्हा तोही रडला होता. आणि दुसरा प्रकाशक शोधत बसण्याचं माझं वय राहिलं नव्हतं.

बायको, ड्रुसिला, पावाचं पीठ मळत होती. तिच्यापुढे मी कुरकुर केली.

"सेल्बी तुझ्या लिखाणाला रडला असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "ईसॉला शोधायला तो स्वतः होडी घेऊन गेला होता. तू नुसतं नाव वाचलं असतंस तरी रडला असता."

मग पिठाचा गोळा उलटा करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती शेळीची गंमत काय आहे रे?"

मला वाटलं थट्टा करतेय. पण ड्रुसिला खाडीपलीकडच्या गावची. ती लग्न होऊन आली त्याच्या आदल्या वर्षीच ईसॉ गेला होता. पहिल्या हिवाळ्यात आमचं स्वयंपाकघर माणसांनी भरायचं, शेळीचं नाव निघायचं, सगळे हसायचे, म्हणून तीही हसायची. विचारायची लाज वाटली, आणि पुढे विचारायची वेळ निघून गेली.

"म्हणजे इतकी वर्षं तू उगाच हसतेस?"

"तुझ्या घरात आले होते, बाबा. रडून दाखवायचं होतं का?"

मी सांगायला लागलो आणि अडलो. शेळीच्या आधी ईसॉ सांगायला हवा होता. उंच, किडकिडीत, एकटा. चूक कबूल करण्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात उडी मारेल असा. फिरत्या व्यापाऱ्याच्या गलबतावरून त्याने अंधार पडताना दुधासाठी शेळी घेतली. सकाळी बघतो तर बोकड. ते मान्य करायला नको म्हणून हा दुकानातून गुपचूप डबाबंद दूध आणायचा, किटलीत ओतायचा आणि शेजाऱ्यांना थोडं थोडं वाटायचा. वर म्हणायचा, आज जरा कमीच दिलं बिचारीने. सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला कुणी कळू दिलं नाही.

ड्रुसिला नाकाला पीठ लागेपर्यंत हसली. मग तिने विचारलं, "आणि त्या बोकडाचं पुढे काय झालं?"

ते मी लिहिलंच नव्हतं. ईसॉ बुडाला त्या संध्याकाळी बोकड रोजच्यासारखा धक्क्यावर त्याची होडी बघायला गेला, आणि काळोख झाला तरी तिथून हलेना.

ड्रुसिलाचे हात पिठात थांबले.

हिवाळाभर मी सगळं पुन्हा लिहिलं. ती मळायची, मी वाचायचो. तिने "हा कोण?" विचारलं की ते पान परत लिहायचं, हात थांबले की ठेवायचं. कादंबरीचं कसब म्हणून मला एवढंच कळलं, की गोष्ट सांगायची ती तिथे नसलेल्या माणसाला.

वसंतात नोरीनबाईंचा फोन आला. कसे आहात हेही न विचारता त्या म्हणाल्या, "त्या बोकडाला शेवटी घरी कुणी नेलं?" मग म्हणाल्या, छापतोय.

पुस्तक आलं त्या दिवशी चर्चच्या सभागृहात सगळे जमले. सेल्बीने पहिली पानं चाळून तोंड वाकडं केलं. "ईसॉ कसा दिसायचा हे काय सांगत बसलास? आम्हाला ठाऊक नाही का?"

"तुझ्यासाठी नाही लिहिलं ते," ड्रुसिला म्हणाली आणि त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. "दूध घालू? ईसॉकाकाच्या शेळीचं आहे."

या वेळी आधी ती हसली, आणि तिच्या मागून आम्ही.