माझ्या पायातली चीर

मित्रांनो, धावपट्टीच्या कडेला, जैतुनाच्या झाडांखाली जे उभे आहे ना, ते मी, एक जुने शिकाऊ विमान. दोन आसने, एक पंखा, तीन चाके, एवढाच माझा पसारा. जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेले ते ट्युनिशियातल्या स्फॅक्सजवळच्या या छोट्या मैदानावर. शंभराहून जास्त लोक माझ्यात बसून शिकले. उडायला कुणालाही लवकर जमते. घाम फुटतो तो उतरताना.

शिकवणारे होते सी मुंजी; इथे 'सी' म्हणजे तुमचे 'श्रीयुत'. पिकलेल्या मिशा, खर्जातला आवाज. "अरे, जमीन शत्रू आहे का तुझी?" असे ते प्रत्येकाला ओरडत. "चाकाखाली बघू नकोस. पट्टीच्या त्या टोकाकडे बघ!"

नजीहा त्यांची विद्यार्थिनी. सरकारी दवाखान्यात सुईण. रात्रपाळी संपवून सकाळी थेट मैदानावर यायची. तिचे उतरणे काही केल्या सुधारेना. तिच्याबरोबर शिकणारा एकोणीस वर्षांचा इहेब तिला चिडवायचा, "ताई, बाळं इतकी अलगद उतरवता, मग विमानच का आदळता?"

"बाळ ऐकतं रे माझं," ती म्हणायची. "हे ऐकत नाही."

अखेर सी मुंजींनी तिला एकटीने उडायची परवानगी दिली. पहिली फेरी छान झाली. पण उतरताना वेग जास्त राहिला. मी जमिनीला टेकलो आणि चेंडूसारखा उसळलो. अशा वेळी पुन्हा वर जायचे असते. ती घाबरली. तिने नाक वरखाली करणारी दांडी पुढे ढकलली. माझे पुढचे चाक सर्वांत आधी आपटले.

कट्!

त्या चाकाच्या पायात, अगदी वरच्या सांध्याशी, एक चीर गेली. मला ती कळली. नजीहानेही आवाज ऐकला. पण नेमका त्याच वेळी इंधनाचा टँकर आडवा आला होता. बाकी कुणालाच काही दिसले नाही.

"कशी उतरलीस?" सी मुंजींनी विचारले.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "छान. अलगद."

रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने आणलेले मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या, चाटूनपुसून खाल्ले. माझ्याही पाठीवर थापा पडल्या. मित्रांनो, कौतुकाच्या थापा इतक्या बोचल्याचे मला एरवी कधी आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी इहेबची एकट्याने उडायची पाळी होती. मिस्त्रीने सकाळी मला वरवर तपासले. चीर सांध्याच्या आत, ती त्याला दिसली नाही. मला ओरडावेसे वाटत होते. पण विमानाला तोंड कुठे असते?

आम्ही धावू लागलो तेवढ्यात नजीहा फाटकातून आत येताना दिसली. मला पाहून ती जागीच थिजली, मग हात हलवत धावत सुटली. तोवर माझ्या चाकांनी जमीन सोडली होती.

पुढचे तिचे आणि सी मुंजींचे बोलणे मला नंतर मिस्त्रीच्या तोंडून कळले.

"सी मुंजी, त्याला थांबवा!"

"आता? वर गेला तो. झालं काय?"

"परवा मी खोटं बोलले. पुढचं चाक आपटलं होतं. कट् असा आवाज आला होता."

त्यांनी रेडिओ उचलला.

"इहेब, पुढच्या चाकाचा भरवसा नाही. नाक वर धरून उतरायचंय."

"सी मुंजी, मी... मी एकटा आहे हो!"

"हो बाळा. म्हणून आज नीट ऐकशील. मागची दोन चाकं टेकली की इंजिन बंद. दांडी पोटाशी ओढ आणि सोडू नकोस. आईने हाक मारली तरी सोडू नकोस."

पट्टीच्या त्या टोकाकडे बघत तो मला खाली आणू लागला. खाली नजीहा एकटीच उभी होती, तोंडावर दोन्ही हात धरून.

मागची चाके टेकली. इंजिन थांबले. इहेबने दांडी छातीशी घट्ट धरली. माझे नाक हवेत, वेग उतरतोय, पट्टी संपत येतेय. मी जितके तोलता आले तितके तोलले. मग नाक हळूहळू खाली आले, चाक टेकले आणि पाय मोडला. पंखा घासत, ठिणग्या उडवत मी थांबलो.

इहेब बाहेर आला. नजीहा त्याच्याजवळ पोचली. "ताई, अलगद होतं ना?" असे विचारून तो हुंदके देऊन रडू लागला.

मग सी मुंजी तिच्याकडे वळले. "तीन महिने विमानात पाय ठेवायचा नाही. रोज येऊन मिस्त्रीच्या हाताखाली याचा पाय दुरुस्त करायचा. दोन दिवस गप्प बसलीस, त्याची ही शिक्षा. आज तोंड उघडलंस, म्हणून हाकलत नाही."

ती रोज आली. नखांत काळे तेल घेऊन दवाखान्यात गेली.

त्यानंतर मी अकरा वर्षे उडालो. आता नवी विमाने आली आहेत. माझे टायर बसले आहेत, काचेवर धूळ आहे. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, एवढेच मागतो: तुमच्या हातून एखादी वस्तू आपटली, तर कुणी पाहिले की नाही ते शोधू नका. त्याच दिवशी सांगा. आम्हाला दुखणे सांगता येत नाही, आणि तुमच्यानंतर आमच्यावर विसंबून कुणीतरी बसणार असते.