लिंबाची फोड आणि खोडलेल्या ओळी

पहिल्या उत्तरात मंत्र्यांचं नाव काळ्या शाईने खोडून आलं आणि त्याच सकाळपासून ते नाव गावात कुणालाच उच्चारता येईना. लोक तोंड उघडत, नुसती हवा बाहेर येई. चौकातल्या फलकावर हात जोडलेला फोटो तसाच होता, खाली पांढरी पट्टी. मला नवल वाटलं नाही, संताप आला. वीस वर्षं मी त्यांच्या गावच्या घरून येणारे सदरे धुऊन इस्त्री करते आणि आता नाव म्हणून तोंडातून वारा येतो.

माहितीच्या अधिकारात मी एकच गोष्ट विचारली होती. माझा भाऊ दिगंबर ज्या पुलासकट नदीत गेला, तो पूल मजबूत आहे म्हणून सही कुणी केली? मी अपील केलं, तर दुसऱ्या उत्तरात पूलच खोडलेला. दुसऱ्या दिवशी नदीचे दोन्ही काठ एकमेकांना चिकटले होते आणि शेजारपाजारचे मलाच विचारत होते, कसला पूल, बाई? तिसऱ्या उत्तरात तारीख गेली. आता कागदावर एकटा दिगंबर उरला होता. शाई अजून ओलीच होती, ती सरकत त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर आली. त्या संध्याकाळी फोटोला हार घालताना आई म्हणाली, "आमच्या गंबरला झेंडू आवडायचा." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग पिशवी भरली.

अपिलाची सुनावणी राजधानीत, मंत्र्यांच्याच दालनात होती. आत शिरले तेव्हा खोली शाळेच्या मैदानाएवढी होती. मी प्रश्न विचारला, चारी भिंती एक पाऊल पुढे आल्या. पुन्हा विचारला, आणखी एक पाऊल. चहा येईपर्यंत माझे गुडघे त्यांच्या टेबलाला टेकले होते. त्यांच्या अंगात मीच इस्त्री केलेला सदरा होता, कॉलर अगदी कडक.

त्यांच्या सहायकाने कोरा कागद पुढे केला. "लिहून द्या, राऊतबाई. ‘माझं समाधान झालं आहे’ असं. सगळे देतात."

खरंच सगळे देतात. खेटे घालून घालून माणूस कंटाळतो, रोजगार बुडतो. मीसुद्धा दोघातिघांना म्हटलं होतं, देऊन टाका बाबांनो आणि मोकळे व्हा. पण मी हे लिहिलं की शाई उरलेल्या नावावरून फिरणार आणि मग मी इथं कशाला आले, हेही मला आठवणार नाही.

"समाधान झालेलं नाही," मी म्हणाले. मागची भिंत पाठीला लागली.

मंत्री समजुतीच्या सुरात म्हणाले, "ही सरकारी शाई आहे. निघत नाही."

ह्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नसणार. मी पिशवीतून तो खोडलेला कागद, लिंबू आणि मिठाची पुडी काढली. लिंबू चिरलं आणि एक फोड मीठ लावून कागदावर चोळायला घेतली, बेताने, कापड विरू नये तशी. पहिलं अक्षर वर आलं. भिंतीपलीकडून, साठ कोसांवरून, आईने दिगंबरला नीट हाक मारलेली मी ऐकली. मग तारीख आली. मग पूल आला आणि टेबलाखालून पाणी वाहायला लागलं, गार आणि गढूळ. सहायक खुर्चीवर उभा राहिला.

सहीची ओळ राहिली होती. मंत्र्यांनी तिच्यावर पंजा ठेवला.

"हात काढा, साहेब."

"नाही."

मग मी हातावरच मीठ टाकलं. दोन्ही बाजूंच्या भिंती खांद्यांना घासत होत्या, पाणी मांडीपर्यंत आलं होतं, पण माझा हात चालू होता. त्यांची नखं फिकट झाली, मग गेली. मग बोटं पेरापेराने निघायला लागली. गेलेल्या करंगळीच्या जागी सहीचं पहिलं वळण दिसलं. हातातली फोड संपली होती. मी दुसरी घेतली.