उन्हात जळलेली घोंगडी

बोरी गावच्या पारावर भर दुपारी माणूस मावत नव्हतं. मांत्रिक भुजंगबाबानं माझ्या मेलेल्या बापाची काळी घोंगडी उन्हात पसरली, वर मंतरलेलं तेल ओतलं आणि आभाळाकडं हात केले.

"बिरू! रातच्याला बायकोचं रगत पितोस, आता सूर्यनारायणाला तोंड दाव!"

घोंगडीतून धूर निघाला आणि भपकन जाळ झाला. पाण्याची घागर ओतेपर्यंत अर्धी जळाली.

"उद्या समाधी उकरा. मढ्याला ऊन दावून छातीत खिळा ठोकायचा. न्हाईतर गाव संपलं म्हना!"

आमच्यात माणूस पुरतात. बापाला पुरून महिनाच झाला होता.

मी परभणीच्या शाळेत शिकवते. भूत मानत नाही. उन्हात जळणारं भूत तर मी हैदराबादच्या सिनेमाघरातच पाहिलेलं, तेही विलायती. तरी धाकट्या आईच्या, मनकर्णाच्या, गळ्यावरचे लाल ठिपके पाहून पहिल्यांदा मनात आलं, मेल्यावरसुद्धा हा हिच्याकडंच येतो. शेवटचं पाणीही हिच्याच हातचं प्याला. मला तार पोचली तेव्हा माती झालेली होती.

संध्याकाळी मी तिला फटकन विचारलं, "तुझ्याकडंच का येतो गं तो?"

तिनं पदर गळ्यावर ओढला. मग म्हणाली, "त्येंची घोंगडी पांघरून निजायले मी. लोकं म्हनले, मेलेल्याचं वाटून टाक. मी उतरंडीमागं लपवलती. बाबानं घर धुंडाळलं तवा घावली."

"कधी उन्हात टाकलीस का?"

"कशी टाकू? वास गेला असता की."

जळकी घोंगडी मी उलटी केली. शिवणीत टम्म फुगलेले ढेकूण होते. रात्री रक्त पिणारे, उजेड दिसला की पळणारे.

आणि काळ्या लोकरीत न दिसणारे जांभळे खडे. पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात तीच पाणी लाल करणारी दवा, परमँगनेट. बाबाची नखंही या दवेच्या तपकिरी डागांनी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी माणसं कुदळी घेऊन समाधीपाशी जमली. मी म्हणाले, "बाबा, लिंबाच्या सावलीत जाळून दाखवा."

"सावलीत पिशाच जळत न्हाई, बाई."

"मग मी जाळते." चावडीतली दवा मी मुंजाजी पाटलांकडून मागून घेतली होती. लिंबाच्या सावलीतच खापरीत ती ठेवली, बाबाच्या पुढ्यातली बाटली उचलून तेल वर ओतलं. अर्ध्या मिनिटात जाळ.

"आरं, सूर्यनारायण कुठं गेला?" पाटील म्हणाले. माणसं हसली. बाबा बाटली मागू लागला.

"हे तेल नाही, ग्लिसरीन आहे. परभणीत कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. ऊन दाखवायचं तर अंथरुणाला दाखवा. कुदळ उचलण्याआधी एकदा वाकळ झटका, एक प्रश्न विचारा. मेलेलं माणूस कुणाकडंच येत नाही."

कुणाकडंच नाही, हे म्हणताना मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे मनकर्णाकडंही नाही. मग उरलेलं कळलं: माझ्याकडंही कधीच नाही.

घरी आल्यावर मनकर्णानं अर्धी घोंगडी उन्हात टाकायला उचलली. आधी नाकाशी धरली. मग माझ्यापुढं केली.