डावीकडचं स्टिअरिंग

मायाने टेपचं टोक फाटकाच्या खांबाशी अंगठ्याने दाबून धरलं. पलीकडे तिचे यजमान नागसेन वाकून आकडा वाचत होते.

"आरामात येते," ते म्हणाले. "आरसे नाही मुडपले तरी येते."

फाटक नुकतंच रुंद करून घेतलं होतं. त्यासाठी कढीपत्त्याचं झाड काढावं लागलं. अंगणात नवा कोबा, वर नवे पत्रे. व्हरांड्यात चहा पीत बसलेले ओमप्रकाश ते सगळं बघत होते. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवणं हा त्यांचा धंदा. सक्करदऱ्यातले जुने शेजारी, म्हणून घरीच आले होते.

"पहिले विचारलं असतं भाऊ, तर झाड तरी वाचलं असतं," ते म्हणाले. "दोह्याची गाडी. स्टिअरिंग डाव्या हाताले. आपल्या इकडे आणू देत नाहीत."

"मंग बदलवून घेऊ ना. चंद्रभान मेकॅनिक अख्खं इंजिन उतरवते, त्याले स्टिअरिंग काय जड आहे?"

"बंदरावर उतरूच देत नाहीत, तर बदलवसान काय?" ओमप्रकाश म्हणाले. "अन् वापरलेली गाडी आणाची तर मालक सोता पाहिजे. तिकडचं आवरून कायमचा परत आलेला."

"आला ना," नागसेन म्हणाले.

ओमप्रकाशांनी कप खाली ठेवला. मार्चमध्ये विमानतळावरून नागसेन-मायाच्या मुलाची, रोशनची शवपेटी सोडवून आणायला तेच धावले होते.

"कस्टम्सच्या मोठ्या साहेबाले भेटू. मी सांगतो त्याले," नागसेन म्हणाले.

"काय सांगसान भाऊ?"

नागसेन टेप गुंडाळू लागले. तेवढ्यात मायाचा फोन वाजला. दोह्याहून सौरव होता, मौदा गावचा पोरगा, रोशनच्याच खोलीत राहायचा. पडद्यावर तळघरातलं पार्किंग दिसत होतं.

"काकू, गाडीचं गिऱ्हाईक वर रस्त्यावर उभं आहे. काय सांगू?"

मायाने नागसेनांकडे पाहिलं. टेप पूर्ण आत गेली होती, तरी ते अंगठा फिरवतच होते.

"देऊन टाक," ती म्हणाली. "पण फोन चालू ठेव."

सौरवने रोशनच्या गाडीचं दार उघडलं. काचेवर धूळ होती. ड्रायव्हरची सीट पार मागे टेकलेली, मागच्या सीटला भिडलेली. रोशन या घरातल्या प्रत्येक दारातून मान वाकवून जायचा.

सौरव आत बसला. पाय लांब केले, मग पाठ सोडून सीटच्या पुढच्या कडेवर सरकला.

"काकू, सीट बहुत मागे आहे. माहे पाय पुरत नाहीत. पुढे घेऊ का?"

नागसेन फाटकाशी तसेच उभे राहिले.

"उशी आहे का रे खोलीवर?" मायाने विचारलं.

"आहे ना."

"घेऊन ये बाबू. पाठीशी ठेव. वर रस्त्यापर्यंत सीट तेवढी तशीच ने."