माफीची नऊ पोती

एलिनामी उरियो वाळक्या पानांची नऊ पोती घेऊन गावच्या जमीन-पंचायतीत आला, तेव्हाच मी ओळखलं, आज जेवण चुकणार. मी पंचायतीचा लेखनिक. बैठका मला आवडत नाहीत, आणि पोती घेऊन येणारी माणसं तर मुळीच नाहीत.

भांडण वाटेचं होतं. अनाएलीचं घर एलिनामीच्या केळीच्या बागेमागे. बाकी तिन्ही बाजूंना दरी. रस्त्यावर यायचं तर बागेतूनच यावं लागतं, आणि सोमवारी एलिनामी तिथे भिंत घालणार होता. भिंत झाली की ही विधवा बाई घरातच कोंडली जाणार.

बावीस वर्षं ती तिथून जातेय. जाताना एलिनामीच्या कुंपणातल्या इसालेच्या झुडपाचं एक पान तोडायची, त्याच्या हातात द्यायची आणि पुढे निघायची. किलिमांजारोच्या आमच्या उतारावर कुंपणाला इसालेच लावतात, आणि माफी मागायलाही इसालेचंच पान देतात. पान हातात पडलं की माफ करावंच लागतं, मग समोर सात पिढ्यांचा वैरी का असेना.

"बघा!" एलिनामीने पोतं उपडं केलं. "रोज माफी मागून गेली. म्हणजे वाट माझी, हे तिला कबूल आहे!"

अध्यक्ष शिरिमा आजोबांनी मान डोलावली. "न विचारता, उघडपणे वर्षानुवर्षं वापरलेली वाट हक्काची होते. मालकाच्या माफीवर चाललेली वाट मालकाच्या मर्जीची. अनाएली, माफी मागत होतीस ना?"

"मागत होते."

"संपलं मग," एलिनामी म्हणाला.

"पण चालल्याची नाही." अनाएलीने शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चर्चच्या गाण्यात ती पहिल्या रांगेत उभी राहायची. "चालता चालता याला मनात शिव्या घालत होते, त्याची."

शिरिमा आजोबा पुढे सरकले. "कसल्या शिव्या? नोंद करायला हवी."

मी लेखणी उचलली. पाद्रीबाबांनी डोळे मिटले.

"मेल्या, तुझ्या केळीला घड न येवो," तिने सुरुवात केली. मग त्याच्या नाकावर आली, मग त्याच्या दारूच्या मडक्यावर, मग सासऱ्यावर. चौथ्या पानावर माझी शाई संपली. शब्द इतके ताजे होते की खोटं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

"वाट हक्काची," आजोबांनी निकाल दिला. "चालण्यासाठी तिने कधी परवानगीही मागितली नाही आणि माफीही नाही."

"मग माझी माफी मला परत द्या!" एलिनामी ओरडला. "असल्या शिव्यांना मी माफ केलं नव्हतं!"

"इसालेवर दिलेली माफी परत घेता येत नाही रे बाळा. पोती उचल."

रविवारी पाद्रीबाबांनी अनाएलीला गाणाऱ्यांतून काढलं. ती चर्चबाहेर ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं. गाणं हेच तिचं एक सुख होतं.

सोमवारी सकाळी ती बागेतून गेली. हात रिकामे होते. एलिनामी दारात उभा होता. त्याच्याकडे बघत, छाती भरून, तिने पहिल्या शिवीपासून सुरुवात केली, अगदी भजनाच्या चालीवर.