मागच्या सीटवरचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. 'जुनी' हा माझा शब्द. मालकीणबाई 'अडगळ' म्हणतात, आणि इमारतीचा वॉचमन 'ती करडी' म्हणतो. मी मुळात निळी होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो प्रसंग काही फार हृद्य नव्हता. सरकत्या पट्ट्यावर कुणी चाक बसवलं, कुणी दिवा लावला, आणि शेवटच्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारून पुढच्या स्कूटरकडे तोंड वळवलं. माहेरची आठवण म्हणून माझ्याकडे एवढी थापच आहे.

मला विकत घेतलं कवळीवाल्यांनी. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आणि हे आपल्या खोलीत बसून प्लास्टरच्या साच्यावर एकेक दात रचून कवळी तयार करतात. रस्त्यात ओळखीचं कुणी हसलं, की हे आधी दात बघायचे आणि मग माणूस. सुरुवातीला मला पुसायला खास मऊ फडकं होतं. पुढे ते फडकं ओट्यावर गेलं आणि ओट्यावरचं माझ्याकडे आलं. उतरती कळा लागते ती अशी, फडक्यापासून.

माझ्या मागच्या सीटवर मालकीणबाई क्वचितच बसल्या. ती सीट मोजणीदारांची. ते जमिनी मोजायच्या सरकारी खात्यात होते. शाळेपासूनची दोस्ती, त्यामुळे साठी उलटली तरी हे त्यांना 'पट्ट्या' म्हणायचे आणि ते ह्यांना 'कवळ्या'. थंडी ओसरली की वर्षातून एक दिवस दोघं डबा घेऊन माझ्यावरून तळ्यापर्यंत जायचे. सकाळी निघायचं, तळ्याकाठी जेवायचं, झाडाखाली घोरायचं आणि उजेडात परत. वर्षभर मी भाजी, औषधं आणि दुसऱ्यांचे दात वाहायचे. त्या एका दिवशी मात्र मला वाटायचं, आपण स्कूटर आहोत.

वीटभट्ट्या मागे पडल्या की दोन्ही बाजूंना शेतं लागायची. कुठलं शेत कुणाचं, कुठल्या बांधावरून कुठले भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मोजणीदारांना पाठ. बहुतेक भांडणं त्यांच्या मोजणीनंतरच सुरू झाली होती. ते हे सगळं मागून सांगत राहायचे. पुढे कवळीवाले 'हो हो' म्हणायचे.

ह्या 'हो हो'बद्दल सांगायला हवं. कवळीवाल्यांच्या मुलीने त्यांना सगळं डोकं झाकणारं हेल्मेट दिलं होतं. त्यात माझा आवाज. मला विकताना दुकानदाराने त्याला 'दमदार' म्हटलं होतं. वर समोरचा वारा. मागून बोललेलं अक्षरही कवळीवाल्यांना ऐकू जायचं नाही. पण मित्र बोलतोय एवढं त्यांच्या पाठीला कळायचं, आणि गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून ते मान डोलवायचे. ह्यांना ऐकू येत नाही हे मोजणीदारांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं काही अडायचं नाही. त्यांची बायको गेली त्या वर्षी ते तळ्यापर्यंत मागे बसून रडले होते. उतरल्यावर कवळीवाल्यांनी त्यांना सर्दीवरची गोळी दिली.

मागच्या वर्षी आम्ही शेवटचे गेलो. मोजणीदार सीटवर बसले तेव्हाच मी चपापले. मागचं चाक नेहमीसारखं दबलंच नाही. तळ्याकाठी डबा उघडला, तर चपातीच्या पहिल्या घासाला त्यांची कवळी सुटली. ती अर्थातच कवळीवाल्यांनी बनवलेली. त्यांनी मोजणीदारांना आ करायला लावलं, हिरड्या निरखल्या आणि कपाळाला आठी घातली.

"हिरडी झिजली रे तुझी. जबडा आत गेलाय. एवढी सैल कवळी घालून माझी बदनामी करत फिरतोयस?"

मोजणीदार हसले, तोंडावर हात धरून.

माणूस आटला की आधी जबड्यात दिसतं. हे कवळीवाल्यांइतकं कुणाला कळत नव्हतं. पण त्यांना दिसली ती सैल झालेली कवळी. मित्रांनो, एखाद्या कामात माणूस फार तरबेज झाला, की त्याला सगळीकडे तेवढंच काम दिसतं.

परतताना चढ लागला. पूर्वी मोजणीदार इथे उतरून चालायचे. ह्या वेळी उतरले नाहीत. मी धापा टाकत चढत होते, आणि त्यांनी कवळीवाल्यांच्या पाठीशी तोंड नेऊन सावकाश सांगितलं.

"कवळ्या, डॉक्टरांनी हात टेकलेत. मी काही आता परत येत नाही तळ्यावर."

कवळीवाले म्हणाले, "हो हो."

मी काय करणार? मला तोंड नाही. हॉर्न आहे, तो कधीच बसलाय. मला एकच गोष्ट येते, ती मी केली. बंद पडले.

कवळीवाल्यांनी मला चार शिव्या घातल्या, पेट्रोल पुढे यावं म्हणून एका बाजूला कलती केली आणि प्लग काढून पुसला. मग त्यांनी हेल्मेट काढलं. वारा पडला होता. शेतात दूर कुणी पाण्याचा पंप बंद केला, तोही ऐकू आला.

"काही म्हणत होतास?" त्यांनी विचारलं.

मोजणीदारांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काही नाही. खाली टपरीवर चहा घेऊ, म्हटलं."

"मग तसं सांग ना," म्हणून कवळीवाल्यांनी किक मारली. आणि मी, मेली, पहिल्या किकला सुरू झाले. एरवी कधी होत नाही.

घरी येऊन कवळीवाल्यांनी जुना साचा काढला आणि अंदाजाने आतून जाड करत नवी कवळी बनवली. न सांगता नेऊन द्यायची म्हणून ती माझ्या डिकीत ठेवली. आम्ही पोचलो तेव्हा मोजणीदारांच्या दाराबाहेर खूप चपला होत्या.

आत कुणीतरी सांगितलं, की मोजणीदारांना आपलं दुखणं सहा महिन्यांपासून माहीत होतं. कवळीवाले बाहेर आले ते लाल होऊन.

"एका शब्दाने बोलला नाही," ते हँडलला म्हणाले. "मला. परक्यासारखं."

ते आजही तेच म्हणतात. मालकीणबाईंनी मोजणीदारांचं नाव काढलं, तर उठून दुसऱ्या खोलीत जातात. सांगितलं होतं, पाठीशी तोंड नेऊन सांगितलं होतं, हे जगात फक्त मला माहीत आहे.

मला त्यांनी त्यानंतर हात लावला नाही. परवा भंगारवाला माझ्या टायरला लाथ मारून बघून गेला. डिकी अजून कुणी उघडलेली नाही. आत दोन्ही ओळींचे दात अंधारात हसत पडले आहेत. तसेही ते बसले नसते.

मित्रांनो, शेवटी काही मागायची रीत आहे. गाडी पुसा, तेल बदला, उन्हात ठेवू नका, हे सगळं आहेच. पण मागच्या सीटवरून कुणी काही बोललं, तर बाजूला थांबा. हेल्मेट काढा. विचारा. आणि तो 'काही नाही' म्हणाला, तर लगेच किक मारू नका.

तुम्ही मान डोलवताय, दिसतंय मला. कवळीवालेही डोलवायचे.