तक्रार ज्याची, काम त्याचं

आमच्या वस्तीच्या समाजकेंद्रात एकच नियम आहे: जो तक्रार करेल, ते काम त्याच्या गळ्यात. नियम बाईंनी घातला. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, आवाज सुटला नाही. पगार इथे कुणालाच नाही. सगळे स्वयंसेवक, म्हणजे फुकट राबून वर एकमेकांची बोलणी खाणारे. सलूनवाला एकदा म्हणाला, "संडासात दिवा नाही," तेव्हापासून केंद्रातले सगळे दिवे त्याच्याकडे. मी इथे शिवणवर्ग घेते. एकदा तावातावाने म्हणाले, "इथे जबाबदारी म्हणून कुणी घेत नाही." झालं. त्या दिवसापासून मी केंद्रप्रमुख.

परिणाम असा, की आमच्याइतकी समाधानी माणसं शोधून सापडायची नाहीत. छप्पर गळतं, तिथे बादली ठेवतात आणि बादलीला वळसा घालून कॅरम खेळतात. खुर्च्यांचे खिळे वर आलेत, लोक घरून उशी आणतात. चहा तर... पण नको, चहाबद्दल बोललं की चहा करावा लागतो.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणंच आटलं. हा माणूस बसचा कंडक्टर. उभ्या आयुष्यात त्यांनी कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. नवराबायको उभा संसार मिठावरून भांडले. आणि आता ताटात काहीही वाढा, "बरं आहे." एकदा मी भाजीत मुद्दाम मीठच घातलं नाही. "बरं आहे." त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं अशातला भाग नाही, पण भांडायला कुणी न उरलेला माणूस बघवत नाही.

घरी एकटं ठेवायची भीती वाटायला लागली, म्हणून एका सकाळी त्यांना केंद्रावर घेऊन गेले. शिलाई मशीनशेजारी बसवलं. चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?"

कॅरम थांबला. वर्षानुवर्षं चहात अडकलेले प्लंबरकाका उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी गळ्यातला एप्रन काढून सासऱ्यांच्या गळ्यात घातला. त्यांच्या लग्नातही हार इतक्या घाईने घातला नसेल.

मग सासरे सुटलेच. खुर्च्या टोचतात म्हणाले, हातोडी हातात आली. खिडकी करकरते म्हणाले, तेलाची बाटली आली. बघता बघता निम्मं केंद्र त्यांच्या अंगावर पडलं. त्यांचा चहाही आधीच्याइतकाच भिकार, पण सांगणार कोण? आणि एका रात्री जेवताना घास तोंडात ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, मीठ काय शेजाऱ्यांनी आणून घालायचं?" मी तोंड वाकडं करून मिठाची बरणी आदळली. आनंद दाखवला असता तर बंद झाले असते.

नेमका तेव्हाच पालिकेचा साहेब उपटला. इमारत पालिकेची, आणि एका ठेकेदाराचा तिच्यावर कधीपासूनचा डोळा. साहेबाने बाईंना आधीच बजावलं, "मी येऊन रहिवाशांना विचारणार. केंद्राच्या कारभाराबद्दल एकाचीही तक्रार निघाली, तर चाव्या ठेकेदाराला."

बाई आधी हसल्या. आमच्याकडे, आणि तक्रार? मग सगळ्यांनी हळूच माना वळवून माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं.

घरी जाताना मी त्यांना म्हणाले, "बाबा, उद्या साहेबाने विचारलं तर फक्त 'बरं आहे' म्हणा." बोलले आणि जीभ चावली. ज्या शब्दांचा मी धसका घेतला होता, तेच मागत होते. पण केंद्र गेलं तर हा माणूस पुन्हा घरातल्या कोपऱ्यात जाऊन बसणार आणि या वेळी उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. वरून थेंब पडला, बादलीत टप्प वाजलं.

"छप्पर गळतंय?"

"कुठे?" बादलीला पाय टेकून उभा असलेला सलूनवाला म्हणाला.

"चहा कसा असतो इथला?"

"अमृत," प्लंबरकाका म्हणाले. साहेबाने घोट घेतला आणि त्यांच्याकडे जरा कीव करून पाहिलं. शेवटी तो सासऱ्यांपाशी आला. "आजोबा, तुमची काही तक्रार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आहे."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या बायकोला इथे यायचं होतं," ते म्हणाले. "कितीदा म्हणाली, जाऊ या. मी म्हटलं, रिकामटेकड्यांचा अड्डा आहे तो, घरी बस. बसली. गेली." त्यांनी कोरडेच हात एप्रनला पुसले. "तुमचं दार उघडं असतं, कबूल. पण माझ्यासारख्या आडमुठ्याला उघडं दार दिसत नाही. कुणीतरी येऊन आमचं दार बडवायला हवं होतं. माझ्याशी भांडून तिला घेऊन जायला हवं होतं. कुणी आलं नाही. ही माझी तक्रार."

साहेबाने घसा साफ केला.

"छपराबद्दल काही?"

"छप्पर गेलं खड्ड्यात."

"मग हे आमच्या अखत्यारीत येत नाही," साहेब म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून, चाव्यांचं नावही न काढता निघून गेला.

तो फाटकाबाहेर पडला आणि बाईंचा शाळेतला आवाज लागला. "तक्रार ऐकली. काम तुमचं. उद्यापासून दारं बडवायची."

पहिलं दार समोरच्या इमारतीतलं होतं. तिथे सासूबाईंची मैत्रीण राहते. नवरा गेल्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. केंद्रप्रमुख म्हणून मीही मागे उभी. सासऱ्यांनी असं दार बडवलं, की मजल्यावरची बाकीची दारं उघडली. शेवटी हेही उघडलं, बोटभर.

"काय आहे?"

"केंद्रावर चला. चहा मी करतो, तो वाईट असतो. कॅरमची राणी हरवलीय. छप्पर गळतं."

फटीतून एक डोळा आमच्याकडे बघत राहिला. दार आणखी थोडं उघडलं.

"अहो, गळतं तर बसलात काय? छप्पर नीट करून घेता येत नाही एवढ्या माणसांना?"

सासरे माझ्याकडे वळले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "छपराला माणूस मिळालं."